मैलाच्या दगडाचा शेंदूर

सांगोल्याकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याचं रुंदीकरण निघालं, तेव्हा आमच्या वस्तीजवळचा मैलाचा दगड वाचावा म्हणून मीच त्याला गुपचूप शेंदूर फासला. लहानपणी त्यावर बसूनच मी एसटीची वाट बघायचो. मजुरांनी देव समजून हात लावला नाही. काकी मात्र तिथं नारळ फोडू लागली, माझ्या लग्नाचा नवसही बोलली, आणि वर्षभरात माझं लग्न झालंही. ते मला खात राहिलं.

परवा जुन्या रस्त्यांच्या खुणा जपणारी मंडळी शेंदूर खरवडून आकडे वाचायला आली. काकी आडवी उभी राहिली. अखेर मी सगळं सांगून टाकलं.

"ठाव हाय की," काकी म्हणाली. "लई दिस तुझी नखं शेंद्री व्हती."

मग मंडळींकडे वळली. "पुढचं खरवडा. मागचं ऱ्हाऊ द्या, ह्याच्या धाकट्या भावाचं लगीन व्हायचंय अजून."