मसाल्याच्या डब्यातल्या गोळ्या

छातीच्या डॉक्टरकडे किस्से कफासारखेच साठतात. अधूनमधून बाहेर काढलेले बरे.

थळच्या रस्त्यावर माझा छोटा दवाखाना आहे, वर चार खाटा. येणारे बहुतेक जुने खोकलेवाले. विडीनं नाहीतर चुलीच्या धुरानं श्वासनळ्या कायमच्या आकसलेले. त्यात जंतूंनी डोकं वर काढलं की कफ हिरवा होतो, दम लागतो आणि मी अँटिबायोटिक लिहून देतो. कोर्स पूर्ण करा, असं दिवसातून वीसदा सांगतो. ऐकतं कोण?

*

चौलचे एक निवृत्त मास्तर ऐकतात. त्यांना म्हटलं होतं, कफाचा रंग बदलला तर कळवा. दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो सुरू, तेही बरोबर माझ्या जेवणाच्या वेळी. खाली ओळ: "आज लिंबू. काल पोपटी होता."

शेवटी मी हात जोडले, नुसतं लिहून पाठवा.

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "पेपर न बघता मार्क कसे देणार?"

*

थळचे हशा नाखवा अगदी उलट. स्वतःची होडी, चाळीस वर्षांची विडी. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या की तिसऱ्या दिवशी खोकला उतरायचा आणि हे समुद्रावर. उरलेल्या गोळ्यांचं काय केलंत, विचारलं की म्हणायचे, "टाकल्या न्हाय. मसाल्याच्या डब्यात हायत. बायको जपते."

जणू मी टाकल्या म्हणूनच रागावणार होतो! बायको, गोपीबाई, शेजारी उभी असायची. मान डोलवायची आणि पदर तोंडाला लावून खोकायची.

*

एकदा नाखव्यांचा कफ तपासायला पाठवायचं ठरलं. सिस्टरनी बाटली दिली, सकाळी उठल्याबरोबरचाच हवा म्हणून बजावलं.

रिपोर्ट आला. जंतू इतके चिवट, की तोंडानं घ्यायची एकही गोळी त्यांना लागू पडत नव्हती. आणि नाखवा समोर ठणठणीत बसलेले. मी रिपोर्ट उलटापालटा करून पाहिला.

"ते पहाटंच दर्यावर गेले," गोपीबाई हळूच म्हणाल्या. "मंग मीच माजा दिला. दोघं एकाच ताटात जेवतो की."

सिस्टर हसून हसून खुर्चीत बसल्या. मी हसलो नाही, रिपोर्ट माझ्या हातात होता.

*

"तुम्ही कुठल्या गोळ्या घेता?" मी गोपीबाईंना विचारलं.

"डब्यातल्या. खोकला वाढला की दोन. उतरला की बंद."

किती वर्षं, ते त्यांना आठवेना. मी पहिल्यांदाच त्यांची छाती तपासली. नाखव्यांपेक्षा खराब होती. इतकी वर्षं ही बाई माझ्यापासून दोन हातांवर खोकत होती आणि मी तिच्या नवऱ्याची चौकशी करत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

अर्धवट गोळ्यांना जंतू सरावले होते. आता एकच औषध उरलं होतं, चौदा दिवस शिरेतून द्यायचं. तेही वाया गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही, हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं.

*

भर हंगामात नाखव्यांनी होडी किनाऱ्याला लावली आणि गोपीबाईंच्या खाटेशी येऊन बसले. दहाव्या दिवशी ताप गेला, दम उतरला. दुपारी मी वर गेलो तर औषधाची बाटली अर्धी भरलेली आणि थेंब थांबलेले. नळीवरचं चाक गोपीबाईंनी बोटानं बंद केलं होतं.

"हे काय?"

"बरं वाटतंय आता. अर्धं ऱ्हाऊ दे. ह्यांना लागंल."

मी तोंड उघडणार, तोच नाखवा उठले. त्यांनी चाक फिरवून थेंब पुन्हा सुरू केले.

"ही पुरी तुजी हाय, गोपे," ते म्हणाले. मग तिचं ते बोट मुठीत धरून बाटली संपेपर्यंत बसून राहिले.