काकांचं नाक

जगात दुधाचं जे काही होतं, म्हणजे कुठे लोणी निघतं, कुठे भुकटी होते आणि कुठल्या बंदरात कुणाचं तूप उतरतं, ते आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना विचारूनच होत असावं, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत सकाळी पेपर आला की लोक आधी गुरुवारी पाणी येणार की नाही ते बघतात. काका न्यूझीलंडात पाऊस पडला का ते बघत. नसला पडला तर चहाच्या कपासकट माझ्या दारात येऊन सांगत, "तिकडचं गवत वाळलं. आता भुकटी चढणार, आपलं लोणी बाहेर जाणार. दिवाळीचं तूप आत्ताच भरून ठेवा." मी एकदा घाबरून मोठा डबा भरून घेतला आणि महिन्याभरात भाव उतरले. जाब विचारला तर म्हणाले, "तिकडे मागाहून पडला. त्याला मी काय करू?"

स्वतः काकांनी कधी शेळीसुद्धा पाळली नाही. ते तुपाचे पारखी. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी उभा जन्म काढला. हा व्यापारी गावोगावचं लोणी घेऊन तूप कढवायचा आणि आखातात, सिंगापूरला, पुढे अमेरिकेतही पाठवायचा. पण काकांनी 'पास' म्हटल्याशिवाय डब्याला झाकण बसत नसे. काका निवृत्त झाले तरी व्यापाऱ्याचा मुलगा प्रत्येक खेपेचा नमुना बाटलीतून घरी पाठवत राहिला. काका थेंबभर तूप पालथ्या हातावर चोळत, डोळे मिटून हुंगत आणि सांगत, "म्हैस सरकीवर आहे," किंवा "हिला बिचारीला नुसतं उसाचं वाढं घातलंय." एका लग्नात यजमान हात जोडून म्हणाले, "काका, सावकाश होऊ द्या." काका वरणभातावरच्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत म्हणाले, "सावकाशच चाललंय. हे वितळलं की जेवतो." त्या घरचं आमंत्रण त्यांना पुन्हा आलं नाही. मलाही नाही, कारण मी शेजारी बसून हसलो होतो.

घरातही हेच. काकू आत लोणी कढवायला ठेवत आणि काका बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत पडून असत. काकूंनी आतून विचारायचं, "अहो, झालं का?" काकांनी हवेत नाक फिरवून म्हणायचं, "थांब." मग थोड्या वेळाने, "हं, उतरव." तूप जरा आधी उतरलं तर कच्चं, जरा उशिरा तर करपलेलं. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नाही असं काकूच सांगत, आणि काकू काही नवऱ्याचं कौतुक करत फिरणाऱ्यांतल्या नव्हेत.

माझ्या मुलीने एकदा आयर्लंडहून लोणी आणलं. काकांनी ते हाताला चोळलं आणि म्हणाले, "गाय उघड्यावर चरलेली आहे. सुखी जनावर." मग बराच वेळ त्या वेष्टनाकडे बघत राहिले. "खाणाऱ्याने गाय बघितलेली नाही आणि गायीने खाणारा. मधल्या माणसाने खोटं बोलायचं नाही, एवढ्यावर हा सगळा व्यापार चाललाय." मला तेव्हा ते जरा मोठं बोलणं वाटलं होतं.

गेल्या वर्षी काकांना ताप येऊन गेला आणि त्यानंतर नमुने नापास व्हायला लागले. एक झाला, दुसरा झाला, तिसराही झाला. आखातात जायचा माल अडकून पडला. व्यापाऱ्याच्या मुलाने कढया बदलल्या, लोणी देणारा बदलला आणि शेवटी स्वतः जिना चढून आला. "काका, काय चुकतंय तेवढं तरी सांगा." काका म्हणाले, "पास म्हणवत नाही." एवढंच. चौथाही नापास.

त्याच आठवड्यात काका माझ्या दारात उभे राहून युरोपातल्या लोण्याविषयी बोलत होते. ऐकता ऐकता मी गॅसवरचं दूध विसरलो. ते असं करपलं की खालून वॉचमन ओरडला. मी आत धावलो, नाकाला रुमाल लावून परत आलो, तर काका तिथेच उभे आणि अजून युरोपातच. मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. त्यांच्या लक्षात आलं.

"वास गेलाय," ते म्हणाले. "तापापासून. हिला सांगू नका."

"अहो, मग नापास कशाला करता?"

"ज्याला वास येत नाही त्याने पास म्हणू नये. नापास म्हणायला हरकत नसते."

"आणि त्या मुलाचा माल?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका रिक्षा करून मार्केट यार्डात गेले आणि त्याला सगळं सांगून आले. तो रागावला नाही म्हणे. आता प्रयोगशाळा माल तपासते. रंग आणि कण बघायला मात्र काकांनीच यायचं असं त्याने बजावलं. "चार नापासांत आमचा कारखाना जेवढा स्वच्छ झाला तेवढा वडिलांच्या वेळीही नव्हता," असंही म्हणाला. काकांनी हे मला हसत सांगितलं, पण त्यांचा पालथा हात उगाच नाकाशी जाऊन आला. मला फार वाईट वाटलं.

परवा विरजण मागायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. काकू लोणी कढवत होत्या. त्यांनी भांड्यावर वाकून वास घेतला, गॅस बंद केला, मला गप्प राहायची खूण केली आणि हाक मारली, "अहो, झालं का?"

बाहेरून आवाज आला, "थांब." मग जराशाने, "हं, उतरव."

"उतरवलं," काकू म्हणाल्या आणि वाटी घेऊन विरजण काढायला लागल्या.

मी बाहेर आलो. काकांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज येतो मला. कान शाबूत आहेत." मग म्हणाले, "वास कसा येतोय?"

"छान येतोय."

"छान काय? सरकीचा येतोय का, ते बघा."

मी पुन्हा आत गेलो, काकूंच्या शेजारी भांड्यावर वाकलो आणि मला कळत होतं तेवढा वास घेऊन बाहेर आलो.

"थोडासा येतोय," मी म्हणालो.

काकांनी डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.