फायलीत राहिलेली आईची सही

माझा राग नेमका कोणावर आहे, हे मला अजूनही ठरवता येत नाही. ज्यांनी चोरी केली त्यांच्यावर तर आहेच. पण ज्या फायलीतून चोरी झाली ती मीच लावून दिली होती, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात वडील गेले. ते मूळचे सायखेड्याचे. नाशिकला कारखान्यात नोकरी करून त्यांनी आडगावच्या पुढे एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तो आईच्या नावावर करायचा म्हणून आम्ही कोर्टात वारस दाखल्यासाठी अर्ज केला. मी एका ऑफिसात कारकून. कागद लावण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असा माझा समज. वकिलांनी मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड मागितलं. मी त्याच्यासोबत आईचा फोटो, विजेचं बिल, मतदार ओळखपत्र आणि तिच्या माहेरच्या नावासाठी चक्क लग्नपत्रिकासुद्धा लावली. प्रत्येक झेरॉक्सवर आईची सही घेतली.

"एवढं कशापायी लावतो रे?" आई म्हणाली. "घरातलं समदं लोकांफुडं."

"कागद कमी पडला की तारीख पडते. तू सही कर."

तिने केली. ती सही करताना बघण्यासारखी असे. पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत ती अंगठा उठवायची. मग वस्तीतल्या साक्षरता वर्गात जाऊन सही शिकली. आधी सगळी अक्षरं सुटी सुटी लिहायची, मग श्वास रोखून डावीकडून उजवीकडे एका दमात वरची रेघ ओढायची. रेघ सरळ आली की आमच्याकडे बघायची. पोस्टात कोणी सवयीने शाईचा पॅड पुढे केला तर तिला लय राग यायचा. "मला येती सही," म्हणायची, आणि पेन मागून घ्यायची.

दाखला मिळाला, प्लॉट आईच्या नावावर झाला. त्यानंतर सातआठ वर्षांनी एका रविवारी मी प्लॉटवर गेलो, तर तारेचं कुंपण आणि आत वॉचमन. दुसऱ्या दिवशी रजा टाकून नोंदणी कार्यालयात खरेदीखत काढलं. विकणारी, माझी आई. वय बरोबर, पत्ता बरोबर, माहेरचं नावसुद्धा बरोबर. फोटो इतका काळा की डोक्यावरचा पदर तेवढा कळावा. आणि खाली सही. सुटी सुटी अक्षरं, वर एका दमात ओढलेली रेघ. क्षणभर, फक्त क्षणभर, मला आईचाच संशय आला. याची लाज मला आजही वाटते.

हे सगळं एका जागी कुठे सापडलं असेल, याचा विचार करताना ती लग्नपत्रिका आठवली. कोर्टाच्या नकला मिळतात त्या खिडकीवर गेलो. रजिस्टरमध्ये नोंद होती. आमच्या अख्ख्या फायलीची नक्कल कोणीतरी रीतसर नेली होती. अर्जदाराचं नाव आमच्या ओळखीतलं नव्हतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "खाजगी कामासाठी".

"असं कोणालाही देता?" मी विचारलं.

"साहेब, कोर्टाचं रेकॉर्ड आहे," खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला. "कोर्ट फीचं तिकीट लावून अर्ज केला की मिळतं. ज्याचे कागद त्याला विचारत बसलो तर कामं कधी करायची?"

तो माणूस वाईट नव्हता, म्हणून जास्तच संताप आला. शेजारीण शिडी मागायला आली तरी आई विचारते, कशाला हवी. इथे एका बाईचं वय, घर, माहेर, चेहरा आणि हस्ताक्षर शिवून बांधून दिलं, आणि कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही. कोर्टाचा शिक्का मारून दिलं. चोराला फार तर एक पदर घेतलेली बाई शोधायची मेहनत पडली असेल.

आम्ही दावा लावला. मधल्या काळात मागच्या ओल्या पायरीवरून घसरून आईचं मनगट मोडलं होतं. हाड बसलं, पण रेघ आता मध्येच खाली यायची. कोर्टात तिच्याकडून सह्या घेतल्या. समोरच्या वकिलांनी तीन कागद शेजारी शेजारी ठेवले: जुन्या फायलीतली सही, खरेदीखतावरची आणि आजची.

"पहिल्या दोन तंतोतंत जुळतात," ते म्हणाले. "जुळत नाही ती या बाईंची."

आईने माझ्याकडे पाहिलं. "मंग मी कोन हाय रे?" एवढंच विचारलं. मला त्या वकिलांची गचांडी धरावीशी वाटली. मी कागद गोळा करत राहिलो.

पुढच्या तारखेच्या आदल्या दुपारी घरी आलो, तर आई ओट्यावर वही घेऊन बसलेली. समोर आमच्या फायलीची नक्कल उघडी. त्यातली स्वतःची जुनी सही बघून ती गिरवत होती. पान भरलं होतं. त्या दुसऱ्या बाईने हेच केलं असणार, असंच पान भरलं असणार.

"आई, काय करतेस?"

"जुळाया पायजे ना," ती म्हणाली, आणि श्वास रोखून रेघ ओढली. ती पुन्हा खाली आली.

मी वही हिसकावून फाडली. आईवर ओरडलो. तिची चूक काय होती?

शेवटी प्लॉट परत मिळाला तो अंगठ्याच्या ठशामुळे. नोंदणीच्या नियमाप्रमाणे खरेदीखताच्या मागे त्या बाईने सहीसोबत ठसाही उठवला होता, आणि तो आईचा नाही, असं तज्ज्ञाने लिहून दिलं. फायलीतून सगळं उचलता आलं, ठसा तेवढा आला नाही, कारण आईने तो कोर्टाला कधी दिलाच नव्हता. तिला सही येत होती.

निकालानंतर मी तिला पेन्शनसाठी बँकेत घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने पेन पुढे केलं. आईने ते हळूच बाजूला सारलं.

"मला सही येत नाय, बाई," ती म्हणाली, आणि अंगठा पुढे केला.