चंदनबाला कंडक्टर शिखरजीला निघते

चंदनबालाला बस म्हटलं तर ती बसायची, पण बोलणं संपायच्या आत उभी राहिलेली असायची. इस्लामपूर डेपोत कंडक्टर म्हणून तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. तो अचानक गेला तेव्हा मुलगा जिनेंद्र शाळेत होता, आणि नवऱ्याच्या जागी तिला अनुकंपेवर घेतलं. आष्ट्याजवळच्या गावातल्या पाटलाची सून खांद्याला पिशवी अडकवून गाडीत तिकिटं फाडते, यावर भावकीत सुरुवातीला बरंच बोलणं झालं. मग ती ज्या फेरीला असेल त्या फेरीला बायकांची गर्दी व्हायला लागली, आणि बोलणं आपोआप थांबलं.

रिटायर झाल्यावर जिनेंद्रनं तिला साताऱ्याला नेलं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. जवळच फ्लॅट, सून उत्कर्षा समजूतदार. सगळं चांगलं होतं, आणि तेच तिला सोसेना. सकाळी उठून ती गॅलरीत जायची, समोरचा अजिंक्यतारा बघायची, आत यायची, नीट लावलेली भांडी पुन्हा लावायची. मग एखाद्या दिवशी उत्कर्षाला सांगून स्टँडवर जायची आणि हाफ तिकिटात कराडपर्यंत जाऊन परत यायची. काम काही नसायचं. गाडी हलली की जिवाला जरा बरं वाटायचं, एवढंच.

त्या वर्षी दिवाळीला ती गावी गेली तेव्हा तिची थोरली जाऊ सुंदरीअक्का तिला म्हणाल्या की, डोळे मिटायच्या आत एकदा सम्मेद शिखरजी बघायचंय. झारखंडातला तो पहाड म्हणजे जैनांचं मोठं तीर्थ. गावातल्या बहुतेक जैन घरांतलं कोणी ना कोणी तिथं जाऊन आलेलं होतं. सुंदरीअक्कांचं मात्र प्रत्येक वेळी काही तरी निघालं. कधी गाय व्यायची, कधी ऊस तुटायचा, कधी घरात कोणाचं बाळंतपण. आता सवड होती तर गुडघा राहिला नव्हता. मिरजेत ऑपरेशन करून तो बदलला होता. चालणं जमायचं, पण रेल्वेत दोन दिवस पाय लोंबत ठेवून बसणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

"मग इमानानं जाऊया," चंदनबाला म्हणाली.

ती स्वतः विमानात कधी बसली नव्हती. पण बोलून गेली, आणि बोलल्यावर तिच्या अंगात जे वारं शिरलं ते महिनाभर उतरलं नाही. गावातल्या आठ-दहा बायका तयार झाल्या. पुरुष एकच, तवनाप्पा भाऊजी. वाटेत कुणीतरी पुरुष माणूस असावा म्हणून घरच्यांनी त्यांना घातलं होतं, आणि वाटेत आपल्याला कुणीतरी सांभाळावं म्हणून ते आले होते.

पुण्याहून रांचीची तिकिटं उत्कर्षानं फोनवर काढून दिली. राहण्याचं मात्र चंदनबालानं स्वतःकडे घेतलं. फोनवर दिसणाऱ्या हॉटेलांचे फोटो आणि दर बघून तिला पहिल्या दिवशी घाम फुटला. मग तिनं आपल्या पद्धतीनं विचार केला. गाडीला मुक्काम कमी केले की खर्च कमी होतो. म्हणून जाताना दिवसा पोचणारं विमान धरलं, म्हणजे रांचीत न थांबता तसंच गाडीनं पायथ्याच्या मधुबन गावी जाता येईल. तिथं जैन धर्मशाळा होत्या. निघण्याच्या आदल्या रात्री पुण्यात उत्कर्षाच्या माहेरी सगळ्यांनी अंथरुणं टाकायची. परतीला सकाळचं विमान होतं, म्हणून रांचीत एक रात्र हॉटेलशिवाय भागणार नव्हतं. त्या एका रात्रीसाठी तिनं तिथल्या हॉटेलांना थेट फोन लावले. हॉटेलवाल्याशी बोललं तर मधल्या कंपनीला जाणारे पैसे सुटतात, हे तिला दोन-तीन फोनांतच कळलं. नंतर ती एसटीत मागच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या आवाजात आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारायची : लिफ्ट आहे का, गरम पाणी कितीपर्यंत येतं, एका खोलीत तीन गाद्या टाकाल का, आणि आमचं जेवण दिवस मावळायच्या आत लागतं, ते जमेल का. शेवटी एकानं सगळ्याला हो म्हटलं. तिनं त्याला पुढचे काही दिवस अधूनमधून उगीचच फोन करून तेच पुन्हा विचारलं. उत्कर्षा म्हणाली, "आई, तो कंटाळून आपला नंबर ब्लॉक करेल."

दुसरी काळजी विमानतळावरच्या तपासणीची होती. निघायच्या आधीच्या रविवारी तिनं सगळ्यांना गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिराच्या अंगणात, बोलावलं. द्राक्षांचे रिकामे क्रेट मांडले, ते तिथले ट्रे. बस्तीच्या बाजूच्या दाराची चौकट, ती शिट्टी मारणारी कमान. तवनाप्पा भाऊजींना पोलीस केलं. प्रत्येकीनं मोबाइल आणि पर्स क्रेटमध्ये ठेवायची, पाण्याची बाटली आधीच रिकामी करायची, पट्ट्याच्या सँडलऐवजी साधी चप्पल घालायची, आणि चौकटीतून एकेकीनं जायचं. अडकित्ता, सुरी, कात्री हातातल्या पिशवीत नको. तूप, लोणचं, चटणी मोठ्या बॅगेत. खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठल्याच बॅगेत नाहीत, त्या तेलकट असतात म्हणून विमानात चालत नाहीत, हे सांगितल्यावर बायकांत कुजबुज झाली. देवापुढं ठेवायला प्रत्येकीनं एकेक घेतलेली होती. चंदनबालानं सांगितलं की देव झारखंडचा आहे, त्याला तिथलीच घेऊ.

दोन वेळा सगळ्या हसतखेळत चौकटीतून गेल्या. सुंदरीअक्का तेवढ्या कट्ट्यावर बसून राहिल्या. सगळं आवरल्यावर चंदनबाला त्यांच्याजवळ गेली.

"माझ्या गुडघ्यात लोखंड हाय," अक्का हळूच म्हणाल्या. "ती कमान वाजनार. मग मला बाजूला नेऊन काय करत्यात? लुगडं सोडाया लावत्यात का?"

चंदनबालानं सांगितलं की बाईच तपासते, पडद्याआड, वरून हात फिरवते, तिला आधीच गुडघ्याचं सांगायचं. हे सगळं तिला उत्कर्षानं सांगितलेलं होतं. अक्कांनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना पटलेलं दिसलं नाही. त्या रात्री चंदनबालाला झोप लागली नाही. आपण हिला हौसेनं नेतोय आणि तिथं हिचा अपमान झाला तर काय, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

जायचा दिवस आला. जिनेंद्रनं त्यांना विमानतळाच्या दारात सोडलं आणि तो तसाच साताऱ्याला परतला, कारण दुसऱ्या पाळीला त्याला कामावर जायचं होतं. आत गेल्यावर चंदनबाला जी फिरायला लागली ती थांबेचना. रांगेच्या पुढं जाऊन बघायची, मागं येऊन माणसं मोजायची, तवनाप्पा भाऊजींचं आधारकार्ड खिशात आहे का ते त्यांना पुन्हा दाखवायला लावायची. मोठ्या बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या तेव्हा ती त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. तपासणीच्या रांगेत तिनं सगळ्यांना पुढं घातलं आणि स्वतः शेवटी उभी राहिली.

बस्तीतली तालीम कामाला आली. एकीचंही काही अडलं नाही. मागून येणारा एक सुटाबुटातला माणूस कमरेचा पट्टा काढायला विसरला म्हणून परत फिरला, तोवर आष्ट्याकडच्या बायका पलीकडे जाऊन पर्सा उचलत होत्या. सुंदरीअक्कांच्या वेळी कमान वाजली. वर्दीतल्या बाईनं त्यांना पडद्यामागं नेलं. चंदनबालाला अलीकडून काही दिसेना. ती टाचा उंचावून बघत होती, आणि म्हणून स्वतःच्या पर्सकडे तिचं लक्षच नव्हतं. मशीनमधून पर्स बाजूला काढली गेली होती. एक जवान ती हातात धरून कोणाची म्हणून विचारत होता.

पर्सच्या तळाशी तिकिटं छेदायचा पंच निघाला. मशीनची तिकिटं यायच्या आधी कंडक्टरच्या हातात असायचा तसला, लोखंडी, पकडीसारखा. त्यानंच दांडीवर टकटक करून ती ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगायची. डेपोत जुने पंच जमा झाले तेव्हा साहेबांनी तिला हा ठेवू दिला होता. नवरा गेल्यानंतर कामाच्या पहिल्या दिवशी गाडीत चढताना जो हातात दिला गेला तो हाच. तो पर्समध्ये असतो हे ती विसरली होती म्हणणं खरं नाही. तो पर्समध्ये नसू शकतो, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

जवान तरुण होता आणि सभ्यपणे बोलत होता. असलं हत्यार हातातल्या सामानातून नेता येत नाही, मोठ्या बॅगेत टाकायचं तर परत काउंटरवर जा, नाहीतर इथं सोडा, असं त्यानं सांगितलं. मोठ्या बॅगा केव्हाच गेल्या होत्या. जिनेंद्र एव्हाना घाटाच्या वाटेला लागला असणार. विमानाची वेळ जवळ आली होती. चंदनबालानं हिंदीत सांगायचा प्रयत्न केला की हे हत्यार नाही, मी एसटीत होते, पण शब्द सुचेनात. मागची रांग थांबली. ज्या बायकांना तिनं शिकवलं त्या सगळ्या पलीकडून बघत होत्या, आणि अडकली होती ती एकटीच.

तेवढ्यात पडद्यामागून सुंदरीअक्का बाहेर आल्या. पदर सारखा करत, चक्क हसत. वर्दीतली बाई त्यांना हाताला धरून आणत होती. तिच्या आईचाही गुडघा बदलायचा होता, आणि दुखतं किती, जिने चढता येतात का, हे ती अक्कांना विचारत होती. अक्कांना तिचं निम्मंच कळलं होतं, पण त्यांनी उत्तर पूर्ण दिलं होतं. चंदनबालाचा चेहरा बघून त्या थेट तिच्याजवळ आल्या. काय झालंय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"चंदन," त्या म्हणाल्या, "तू आमाला सांगितलंस, आमी ऐकलं. आता तू ऐक. ठेव ते आनि चल."

चंदनबालानं पंच टेबलावर ठेवला. जवानानं तो उचलून बाजूच्या पेटीत टाकला. पेटीत कात्र्या होत्या, लायटर होते, कुणाचा तरी अडकित्ताही होता.

विमानात ती खिडकीशी बसली, पण खाली तिनं बघितलं नाही. पट्टा बांधून एका जागी बसायचं आणि गाडी चालू असताना कोणी चढत नाही की उतरत नाही, हे तिला फार अवघड गेलं. हात पुन्हा पुन्हा पर्सकडे जायचा. अक्कांनी आपला हात तिच्या मनगटावर ठेवला आणि रांची येईपर्यंत तसाच राहू दिला.

मधुबनची धर्मशाळा स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पहाड चढायला सुरुवात झाली. अक्कांसाठी डोली केली होती. वर जाऊन, सगळ्या टोकांचं, म्हणजे शिखराशिखरांवरच्या देवळांचं, दर्शन घेऊन खाली यायचं म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवसाची चाल. चंदनबालानं तिथंही तेच केलं. पुढच्या बायकांना गाठायची, मग मागं राहिलेल्यांसाठी उतरून यायची, मग डोलीबरोबर चालायची. म्हणजे ती पहाड दुप्पट चढत होती. निम्म्याच्या वर गेल्यावर तिच्या पोटरीत असा गोळा आला की ती वाटेकडेच्या दगडावर बसली, आणि तिला उठता येईना.

बायका थांबायला लागल्या. तिनंच त्यांना पुढं जायला सांगितलं, कारण उन्हं वाढत होती. डोली गेली, तवनाप्पा भाऊजी गेले, सगळ्यात मागं राहणाऱ्या दोघीही गेल्या. ती एकटी राहिली. पहिला तासभर ती नुसती तळमळत होती. कुणाचा पाय घसरला असेल, कुणी वाट चुकलं असेल, अक्कांचे डोलीवाले जास्त पैसे मागत असतील. येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी यात्रेकरूंना ती विचारत होती की हिरव्या लुगड्यातली म्हातारी दिसली का. कोणी सांगायचं दिसली, कोणी सांगायचं नाही. नंतर विचारायचा कंटाळा आला. ती झाडाला टेकून बसली आणि पोटरी चोळत राहिली. वरून घंटेचा आवाज येत होता. दर्शन तिचं राहिलं ते राहिलंच. त्याचं वाईट वाटायला तिला बऱ्याच वेळानं सवड मिळाली.

दुपारी सगळ्या उतरून आल्या. कोणी चुकलं नव्हतं. अक्कांनी तिच्या ओंजळीत प्रसाद ठेवला आणि तिच्या वाटचंही हात जोडून आल्याचं सांगितलं.

दोघींच्या खांद्याला धरून ती कशीबशी खाली उतरली. ती रात्र मधुबनला काढून दुसऱ्या दिवशी रांचीत पोचेपर्यंत तिचा पाय सुजून तांबडा झाला होता. गाडी हॉटेलच्या दारात थांबली तेव्हा सुंदरीअक्कांनी तिला उतरू दिलं नाही. त्या आणि तवनाप्पा भाऊजी आत गेले. काचेतून चंदनबालाला दिसत होतं की काउंटरवरचा माणूस मान हलवतोय. खोल्या ठरल्यापेक्षा कमी होत्या आणि उरलेल्यांचा दर तो वाढवून सांगत होता. ती गाडीतून अर्धी बाहेर आली, पाय टेकला, आणि कळ येऊन परत बसली. आत अक्का काउंटरसमोरच्या सोफ्यावर नीट मांडी घालून बसल्या होत्या. त्या हिंदीत एवढंच म्हणत राहिल्या, की फोन पे बोला था, वो देना. ना आवाज चढवला, ना जागा सोडली. बाकीच्या बायकाही एकेक करून आत जाऊन जमेल तिथं टेकल्या. थोड्या वेळानं तो माणूस मालकाशी फोनवर बोलला आणि ठरलेल्या दरात खोल्या उघडून दिल्या. वरण-भात मात्र दिवस मावळायच्या आत मिळाला नाही. सगळ्यांनी पाणी पिऊन रात्र काढली.

घरी आल्यावर उत्कर्षानं तिच्या पायाला लेप लावला आणि जिनेंद्रनं तिला पंधरा दिवस बाहेर पडू दिलं नाही. त्या पंधरा दिवसांत गावाकडून फोन यायचे ते सुंदरीअक्कांना. आणखी चार घरच्या बायकांना गिरनारला जायचं होतं, आणि त्या अक्कांना विचारत होत्या. चंदनबालाला ते आधी लागलं. मग तिनं स्वतःहून अक्कांना फोन केला आणि सांगितलं की राहण्याचं तुमी बघा, तुमच्यासारखं मला दम धरून बसाया जमायचं न्हाई.

"आनि तू?" अक्कांनी विचारलं.

"मी समद्यांच्या पिशव्या आधी रिकाम्या करून बघनार," ती म्हणाली. "माझीबी."

फोन ठेवून ती उठली, लंगडत गॅलरीत गेली आणि तिथून लगेच परत आत आली.