चिमीची गोष्ट जिथे संपते

बाईंच्या कानामागे कायम लाल पेन असे, पण त्याची रेघ शाळेतल्या कुठल्याही मुलाच्या वहीवर मी पाहिली नाही. तो सगळा राग त्यांनी स्वतःच्या लिखाणासाठी राखून ठेवला होता. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. प्राथमिक शाळेत त्या हिंदीतून शिकवायच्या आणि घरी मराठीत मुलांसाठी कादंबरी लिहायच्या. इथे मराठी वाचतं कोण, असं माझ्या वडिलांनी विचारलं, तर म्हणाल्या, "शिकवते हिंदीत भाऊ, पण रडू त मराठीतच येते."

कादंबरीतली मुलगी चिमी. तिच्या डोळ्यांसमोर अक्षरं जागेवर थांबत नाहीत. फळ्यावरचं उतरवायला जावं तर एकमेकांत मिसळतात. ही चिमी म्हणजे बाईंची एकुलती एक मुलगी बेबी, हे सांगायची गरजच नव्हती. बेबी माझ्याच वयाची. ऐकलेलं विसरायची नाही, पण छापलेली ओळ पुढे आली की घामाघूम व्हायची. बाईंची पोरगी आणि ढ, असं लोक तिच्या तोंडावर म्हणत. बाईंच्याही तोंडावर म्हणत.

रविवारी दुपारी आम्ही तिघी अंगणात तांदूळ निवडायला बसायचो. आम्ही दोघी सुपं घेऊन, बाई कागद घेऊन. नवं प्रकरण आधी बेबीला ऐकवायचं, हा त्यांचा नेम. खडे वेचता वेचता ती "असं नाही होत, आई" म्हणाली, की लाल पेन कानामागून निघे आणि परिच्छेदच्या परिच्छेद आडवे होत. एकदा बाईंनी लिहिलं होतं, की वर्ग हसला तेव्हा चिमीला रडू आलं. बेबी म्हणाली, "तेव्हा रडू नाही येत. भूक लागते." बाईंनी ती ओळ खोडली. मग त्यांनी ते तसंच लिहिलं. एवढी हट्टी बाई मुलीपुढे निमूट ऐकून घेते, याचं मला फार अप्रूप वाटे.

चिमी नापास होते तिथे मूळ कादंबरी संपत होती. निकालाच्या दिवशी आई तिच्या ताटात गरम भात वाढते, दोघी जेवतात, बस. नागपूरच्या प्रकाशकाने कळवलं, लहान मुलांना असा शेवट चालत नाही, पोरगी पास झाली पाहिजे. बाई पुष्कळ धुसफुसल्या आणि शेवटी वाकल्या. नव्या प्रकरणात चिमी व्यासपीठावर उभी राहून घडाघडा वाचते आणि बक्षीस घेते. हे एकच प्रकरण त्यांनी बेबीला आधी ऐकवलं नाही.

पुस्तक आलं त्याच वर्षी बेबी दहावीत पुन्हा नापास झाली. मग लांजीच्या लग्नात काय, रामपायलीच्या जत्रेत काय, नातेवाईक तिला गाठून विचारायचे, "पुस्तकातली पोरगी त पास झाली, तू काहून नाही झाली?" एक मामा तर म्हणाला, "माँ की मेहनत पे पानी फेर दिया." तिची शाळा कायमची सुटली. बेबी तांदूळ निवडायला येईनाशी झाली. आईशी बोलायची, पण कामापुरतं. बाईंनी त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. कानामागचं पेन मात्र सवयीने राहिलं, शाई वाळून गेली तरी.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या पोटातली गाठ कळली तेव्हा फार उशीर झाला होता. गोंदियाच्या दवाखान्यात त्या डोळे मिटून पडलेल्या असत. एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर बेबी खाटेशी बसून चिमीची गोष्ट सांगत होती. हातात पुस्तक नव्हतं. अंगणात ऐकलेला शब्द न् शब्द येत होता, खोडलेलं तेवढं वगळून. निकालाचा दिवस आला, गरम भात आला, आणि बेबी थांबली.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने विचारलं, "फिर? पास हुई क्या?"

"नाही," बेबी आईकडे पाहत म्हणाली. "इथंच संपते."

बाईंनी डोळे उघडले. "हौ," त्या म्हणाल्या. "इथंच संपत होती. मीच उगीच वाढवली, बेबी."

बेबीने आईच्या अंगावरची चादर सारखी केली. मग हळूच म्हणाली, "आई, भूक लागली."

मी डबा उघडला. भात अजून गरम होता. बाईंना घास गिळवत नव्हता, पण बेबीचं जेवण होईपर्यंत त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्याच आठवड्यात त्या गेल्या.