एर्मिंदोचे चार शॉकअप

एर्मिंदो पाउतासो पहिल्यांदा माझ्या लक्षात आला तो पाठमोरा. शाळेसमोरच्या निलगिरीखाली त्याने गाडी उभी केली होती आणि तिच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकवून तो अंगाचा सगळा भार देत होता. दाबायचा, सोडायचा आणि गाडी किती वेळा वरखाली होते ते मोठ्याने मोजायचा. "एक... दीड." माझा चौथीचा वर्ग खिडकीला चिकटला होता. पुढे आठवडाभर मधल्या सुट्टीत मुलं बाकांचे कोपरे दाबून "एक... दीड" म्हणत होती.

तो दुधाचा टँकर चालवायचा. छत्तीस वर्षं, उजाडायच्या आत, एका गोठ्यावरून दुसऱ्या गोठ्यावर. कमी बोलायचा आणि बोलताना समोरच्याच्या बुटांकडे पाहायचा. गाडी मात्र त्याने स्वतःसाठी घेतली होती. दोन दारांची, गडद लाल, आमच्या कोर्दोबा प्रांतातच बनलेली, त्र्याहत्तर सालची. गावात तिला सगळे नुसतं 'कुपे' म्हणत.

दर सप्टेंबरात जुन्या गाड्यांच्या क्लबची शर्यत असे. त्या शर्यतीत पुढे पळून उपयोग नाही. ठरलेल्या खुणेपाशी ठरलेल्या सेकंदाला पोचायचं असतं. म्हणून शेजारी बसून कागद आणि घड्याळ सांभाळणारा माणूस चालवणाऱ्याइतकाच महत्त्वाचा. एर्मिंदोच्या शेजारी बावीस वर्षं त्याची बायको नेल्दा बसली. तीनदा ती दोघं दुसरी आली.

मग नेल्दाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन वर्षं ती कुपेत बसली नाही. त्याच सुमारास कुपेचे शॉकअपही गेले. मागचे दोन तेल गाळायला लागले आणि दाबून सोडली की गाडी चार-पाचदा डुलायची. एर्मिंदोच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या. शॉकअप नीट निवडले तर सप्टेंबरात नेल्दा पुन्हा शेजारी बसेल, असं त्याने धरलं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पण तो ज्या तऱ्हेने चौकशी करत हिंडत होता, त्यावरून गावाला कळलंच.

क्लबचा सेक्रेटरी फाब्रिसिओ म्हणाला, "काका, गॅसचे घ्या. बाहेरून मागवू. गाडी रस्त्याला चिकटून पळेल."

"आणि नेल्दाची पाठ?"

"काकूंना उशी द्या की एक."

सगळे हसले. एर्मिंदो फाब्रिसिओच्या बुटांकडे पाहत राहिला.

दुसरा मार्ग होता पिकअपचे शॉकअप लावण्याचा. गावातल्या निम्म्या जुन्या गाड्यांना तेच आहेत. ते दोन बोटं लांब निघाले आणि कुपे मागून उचललेल्या बदकासारखी दिसायला लागली. रविवारभर गाडीखाली पडून त्याने ते बसवले, पुढच्या रविवारी काढले. त्याचे डोळे तेव्हा खूप थकलेले दिसायचे.

राहिला विया मारिया शहरातला म्हातारा मेकॅनिक सिकार्दी. तो जुनेच शॉकअप उघडतो, सील बदलतो, आतले वायसर, म्हणजे पातळ चकत्या, एकेक करून निवडतो, नवं तेल भरतो. मला तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून मी एर्मिंदोबरोबर निघाले. पुढच्या सीटवर वासरांच्या खाद्याची एक गोणी बसली होती, पट्टा लावून. मी मागे बसले.

"ही कोण?" मी विचारलं.

"नेल्दा," तो म्हणाला. मग कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे बाई, तिच्या वजनाची. उस्ताद माणसं बसवून बघतात म्हणे. तिला कशाला एवढ्या लांब दगदग?"

सिकार्दीने गाडीभोवती एक फेरी मारली, काच खाली करायला लावली आणि गोणीकडे बघून टोपी काढली. "नमस्कार, वहिनी."

"उस्ताद, थट्टा नको. तिचं आणि गोणीचं वजन सारखंच आहे."

"वजन असेल. पण खड्डा आला की ही 'आई गं' म्हणणार आहे का? मला ते ऐकायचं असतं. बायकोला घेऊन ये, जा."

"पुन्हा यायचं? एकशेवीस किलोमीटर आहे."

"मग गोणीलाच घेऊन जा शर्यतीला. बोलणार तरी नाही."

परत आलो तेव्हा माझ्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं आणि सगळं धूसर दिसत होतं. नेल्दाने मला हात धरून स्वयंपाकघरात बसवलं आणि माते तयार केला, वाळक्या पाल्यावर गरम पाणी ओतून नळीने ओढायचा आमचा कडू चहा. एर्मिंदोने तिला सगळं खरंखरं सांगितलं. खोटं बोलणं त्याला जमतच नाही.

नेल्दा आधी हसली. मग म्हणाली, "किती किलो भरलंस रे मला?"

"अडुसष्ट."

माझ्या हातातला माते संपून नळीत गुरगुरला.

"चोपन्न आहे मी आता," नेल्दा म्हणाली. "ऑपरेशननंतर चौदा किलो गेले. रोज समोर बसून जेवतोस, म्हाताऱ्या."

एर्मिंदोने खुर्ची मागे सरकवली. मग उठून बाहेर गेला आणि गोणी गाडीतून काढून गोठ्याच्या भिंतीशी ठेवून आला. मला ते नीट दिसलं नाही, पण तो बराच वेळ आत आला नाही एवढं कळलं.

शेवटी नेल्दाच म्हणाली, "जाऊ या त्या सिकार्दीकडे. बाई, तुम्हीही चला. नाहीतर हे दोघे मला गोणीसारखीच वापरतील."

त्या दिवशी सिकार्दीने मला फाटकाशी खुर्ची दिली. "बाई, तुम्ही इथेच. तुमचं वजन हिशोबात नको." मग तो मागे बसला, एर्मिंदोने गाडी चालवली, नेल्दा शेजारी. रेल्वेलाइनच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पन्हळीच्या पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या आहेत. तिथून ते फिरून आले. पहिल्यांदा आले तेव्हा नेल्दाचे ओठ पांढरे झाले होते. सिकार्दीने शॉकअप उतरवले, उघडले, एक पातळ वायसर काढून ठेवला, पुन्हा बसवले. यात जेवणाची वेळ गेली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "बरं आहे. पण खोटं कशाला बोलू, दुखतंय." पुन्हा उतरवले. एर्मिंदो स्वतःच जॅक लावत होता आणि प्रत्येक वेळी गुडघ्यावर हात टेकून उठत होता.

तिसऱ्यांदा निघताना सिकार्दीने नेल्दाच्या हातात गरम पाण्याचा थर्मास आणि पाल्याने भरलेला मातेचा पेला दिला. "चालत्या गाडीत ओता. सांडलं तर मला दाखवा."

ते परत आले तेव्हा ती स्वतः दार उघडून उतरली. तिचा स्कर्ट कोरडा होता.

"ऐक," सिकार्दी एर्मिंदोला म्हणाला, "हे मऊ झालेत. वळणावर गाडी झुकणार, तुला वेग सोडावा लागणार आणि मग सेकंद गेले. शर्यतीला हे चालणार नाहीत. दोन वायसर परत घातले तर चालतील, पण मग वहिनींना नाही चालणार. मधलं काही माझ्याकडे नाही."

एर्मिंदो नेल्दाकडे वळला. "सप्टेंबरात बसशील? असेच ठेवले तर? शेवटचे आलो तरी चालेल मला."

"गाडीत बसेन," नेल्दा म्हणाली. "शर्यतीत नाही. दमले रे मी. बावीस वर्षं मी कागद आणि घड्याळच बघितलं. कुठून कुठे गेलो ते विचारशील तर मला सांगता यायचं नाही. पाठ बरी असती तरी मी हेच म्हटलं असतं. पाठीमुळे म्हणायला सोपं गेलं, एवढंच."

"आधी का नाही बोललीस?"

"तुला आवडायचं ना."

तो एका उपड्या डब्यावर बसला. सिकार्दीने हळूच विचारलं, "घट्ट करून देऊ? शेजारी दुसरा कोणी मिळेल तुला."

"फाब्रिसिओचा भाचा विचारत होता," एर्मिंदो म्हणाला. त्याने फडक्याने हात पुसले, मग तेच हात पुन्हा पुसले. इतका दमलेला मी त्याला टँकरच्या दिवसांतही पाहिला नव्हता.

"राहू देत असेच, उस्ताद," तो म्हणाला.

परतताना वळणांवर गाडी खरंच झुकत होती. नेल्दा एकदा म्हणाली, "ती पवनचक्की कधीची आहे?" त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

त्या सप्टेंबरात क्लबच्या यादीत पाउतासो हे नाव नव्हतं. फाब्रिसिओ घरी येऊन बोलून गेला. एर्मिंदोने त्याला माते दिला आणि त्याच्या बुटांकडे बघत सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, "नाही रे बाबा."

आता तो एकाहत्तर वर्षांचा आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तो नेल्दाला कुपेतून एकतीस किलोमीटरवरच्या पोहण्याच्या तलावावर पाण्यातल्या व्यायामाला नेतो. रस्ता अर्ध्या तासाचा आहे, पण जायला त्यांना पाऊण तास लागतो.