वंदनाची ओळ

“मंग तुम्हीच करा तिची ओळ,” कांता म्हणाली, आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडून शेडनेटच्या जाळीच्या दारातच बसली. “माह्या हातात बी हाडंच हायेत. लोखंड नाही.”

मी म्हटलं, उठ, सकाळ चालली, फुलं काही तुझ्यासाठी थांबायची नाहीत. ती म्हणाली, मग फुलांनाच सांगा. मागे बाकीच्या बाया हातात चिमटे धरून उभ्या; ना माझ्या बाजूनं, ना तिच्या. आणि मधोमध आमचे एचआर साहेब, हातात टॅबलेट, पायात पांढरे बूट. भांडण वंदनाच्या नोकरीवरून होतं आणि वंदना स्वतः तिथं नव्हतीच. सासूला लकवा मारला म्हणून ती बुलढाण्याला दवाखान्यात बसली होती. तिचं नाव ठेवायचं की काढायचं, हे इकडे साखरखेर्ड्याच्या शिवारात एका शेडच्या दारात ठरत होतं.

ते कसं ठरलं, ते सांगतेच. पण साहेब कोण, कांता कोण, हे कळल्याशिवाय त्यात गोडी नाही. माणसं सांभाळायच्या धंद्यात गोष्टी गोळा कराव्या लागत नाहीत. आपण काम करत राहायचं. त्या बांधावरच्या गवतासारख्या आपल्या आपण वाढतात, आणि कापल्या की दुप्पट येतात. मी बायांच्या टोळीची मुकादम. बियाण्याच्या कंपनीसाठी आम्ही टमाट्याचं क्रॉसिंग करतो. म्हणजे फुलातला नर चिमट्यानं काढायचा आणि दुसऱ्या वाणाचा पराग हातानं लावायचा. शाळेत मी गेले नाही. फवारणीच्या डब्यांवरून वाचायला शिकले, मग लिहायलाही. पहिला शब्द वाचता आला तो ‘विषारी’. तेव्हापासून मला कोणी काही वाचून दाखवलेलं नाही, आणि मी दाखवू दिलेलं नाही.

*

साहेब पुण्याहून आले. वय माझ्या नातवाएवढं. आल्या आल्या वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “आजी, तुमच्या अनुभवाचा आम्हाला फायदा करून घ्यायचाय.”

मी म्हटलं, “आजी घरी. इथं मुकादम.”

त्यांनी लगेच टॅबलेटवर काहीतरी टिपलं. पुढे कळलं की माझ्या नावासमोर ‘लीडरशिप उत्तम’ असं लिहिलं होतं. पोरगा अगदीच वाया गेलेला नव्हता.

*

मग चेहऱ्याची हजेरी आली. मशीनसमोर उभं राहायचं, दुपट्टा खाली करायचा, की मशीन ‘धन्यवाद’ म्हणणार. सकाळी सगळ्यांना धन्यवाद मिळाले. संध्याकाळी गयाबाईला काही मिळेना. ती पुढे झाली, मागे झाली, पदरानं तोंड पुसलं, शेवटी हसूनही पाहिलं. मशीन ओळखच दाखवेना. साहेब म्हणाले, सकाळी तर बरोबर घेतलं होतं.

गयाबाई म्हणाली, “दिवसभर जाळीत उकडल्यावर माहा नवरा नाही ओळखत मले. ह्याचं काय घेऊन बसले?”

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची हजेरी पाण्याच्या टाकीजवळ घ्यायची ठरली. आधी तोंड धुवायचं, मग हजेरी.

*

साहेबांच्या डोक्यात कायम काहीतरी नवीन. एकदा ‘महिन्याची उत्तम कर्मचारी’ निवडली. ती कांता. त्यात काही चूक नव्हती. कांताच्या बोटांना जी चपळाई आहे ती टोळीत दुसऱ्या कोणाला नाही, आणि जिभेलाही तीच आहे. तिचा मोठा फोटो काढला, फ्रेम करून ऑफिसच्या भिंतीला लावला, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले.

चार दिवसांनी कांता साहेबांपुढे उभी. फोटो उतरवा म्हणे. साहेब घाबरले. कोणी काही बोललं का, चिडवलं का, सांगा मोकळेपणानं.

“सासू येऊन पाहून गेली.”

“मग? त्या तर खूश झाल्या असतील.”

“म्हणते, तिथं एवढं चांगलं करतं, तं घरी काऊन नाही करत?”

फोटो उतरला. पुढच्या महिन्यात ज्या बाईचं नाव येणार होतं तिनं आधीच हात जोडले. योजना बंद पडली. पेढे तेवढे चालू ठेवावे, असं टोळीचं मत पडलं, पण त्याचा कुठं विचार झाला नाही.

*

एक दिवस दुपारच्या डब्यानंतर साहेबांनी सगळ्यांना निंबाच्या सावलीत बोलावलं. टीमवर भरवसा कसा ठेवायचा, याचा म्हणे खेळ आहे. एकीनं डोळे मिटून मागच्या मागे पडायचं, दुसरीनं झेलायचं. जोड्या साहेबांनी स्वतः लावल्या, आणि कोणाला न विचारता लावल्या. शोभा आणि मीरा एका जोडीत. दोघी सख्ख्या जावा. चुली वेगळ्या झाल्यापासून एकमेकींना मीठ मागत नाहीत.

शोभा पडायलाच तयार होईना. साहेबांनी समजावलं, बायांनी चढवलं, कोणीतरी भित्री म्हटलं. तेव्हा कुठं तिनं डोळे मिटले आणि दिलं अंग सोडून. मीरानं काय झेललं म्हणता! दोन्ही काखेत हात घालून अर्ध्यात धरली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हेच, हेच म्हणजे टीम.

पण मीरा काही तिला उभी करेना. तशीच तिरपी धरून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू विचारलं, “माही परात वापस देतं का, सोडू?”

परात त्याच संध्याकाळी परत आली. भरवशाच्या खेळाचा उपयोग नाही असं मी तरी म्हणणार नाही.

*

तक्रारपेटीही झाली. नाव लिहू नका, मनात असेल ते लिहा. पेटी कितीतरी दिवस रिकामीच. आमच्या तरुण पोरी मोबाइलवर पटापट लिहितात, पण पेन दिलं की हात गारठतो. शेवटी गयाबाई कागद घेऊन आली ती माझ्याकडेच. लिहून द्या म्हणे. मी चष्मा लावला.

“लिहा. मुकादम लई तोडून बोलते.”

मी वर पाहिलं. तिनं खाली पाहिलं. मी लिहिलं. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या, त्यांचंही लिहिलं. त्यांचंही तेच होतं.

साहेबांनी पेटी उघडली तर सगळे कागद एकाच अक्षरात. मला बाजूला घेऊन जरा बिचकतच त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतःविरुद्ध तक्रारी केल्यात का?

मी म्हटलं, “केल्या नाहीत, लिहून दिल्या. आणि त्या बोलल्या तेवढं सगळं लिहिलं असतं, तर तुमच्या पेटीत मावलं नसतं.”

*

आणि मग वंदनाचं निघालं.

कंपनीनं ठरवलं की इथून पुढे हंगामभर जिची हजेरी सलग राहील तिला पक्की करायची. ओळखपत्र, पीएफ, बारमाही काम. टोळीतल्या प्रत्येकीला ते हवं होतं, पण वंदनाला त्याची गरज होती. नवऱ्याला आज काम आहे, उद्या नाही. दोन पोरी शाळेत. त्यात सासू अंथरुणाला खिळली आणि दवाखान्यात बसायला दुसरं कोणी नाही.

आमच्यात एक ओळ एकीची असते, पहिल्या फुलापासून शेवटच्या फळापर्यंत. बाई आली नाही तर तिची ओळ बाकीच्या वाटून करतात. याला आम्ही सावड म्हणतो. आज तू माझी, उद्या मी तुझी. फूल सुट्टी घेत नाही, म्हणून ही रीत. ज्या फुलाला पराग लावला त्याच्या देठाला लोकरीचा दोरा बांधायचा. दोरा असेल ते फळ बियाण्याला, बिनदोऱ्याचं फेकायचं. प्रत्येकीच्या दोऱ्याचा रंग वेगळा, दुसरीची ओळ केली तरी दोरा आपलाच, ही शिस्त माझी. काम कोणाच्या हातचं, ते दिसलं पाहिजे. कांताचा लाल, वंदनाचा पिवळा.

त्या सकाळी साहेब आले ते ठरवूनच आले होते. मशीनमध्ये वंदना गैरहजर आहे, नियम सगळ्यांना एक आहे, तिचं नाव काढायचं, आणि तिच्या जागी दुसरी बाई तयार आहे. मी म्हटलं, ओळ बघा, एक फूल सुटलं असेल तर दाखवा. ते म्हणाले, काम झालंय हे मान्य, पण ते तिनं केलेलं नाही. आज एकीला सोडलं तर उद्या दुसरीला कोणत्या तोंडानं अडवू?

बोलणं खोटं नव्हतं. मीही नियमानंच टोळी चालवते. तेवढ्यात कांता पेटली. तिची ओळ वंदनाच्या ओळीला लागून, म्हणून सावडीचा जास्त भार तिच्यावर पडत होता. इतक्या दिवसांत मी तिला विचारलंही नव्हतं, जमतं का म्हणून. आता तिनं सगळ्यांसमोर विचारलं, मुकादम म्हणून तुम्ही फक्त हुकूमच सोडता का? मी म्हटलं, भिंतीवर फोटो लागला तेव्हापासून चढलीस तू. ती म्हणाली, आणि उतरवला कोणी? त्यावर मी काही बोलले, ती काही बोलली, आणि मग ती दारात बसली.

साहेबांना वाटलं, हीच वेळ. त्यांनी शांतपणे सांगितलं की कांताताईंचं बरोबर आहे, एकीसाठी सगळ्या टीमवर अन्याय होतोय. टॅबलेटवर बोट फिरवून त्यांनी वंदनाचं नाव शोधलं आणि कांतासमोर धरलं. “तुम्हीच सांगा. करू डिलीट?”



कांता उठली. लुगड्याची माती झटकली. आत वळून आपल्या ओळीकडे बघत राहिली. याच हंगामात, पक्कं करायचं निघायच्या आधी, ती डेंग्यूनं पडली होती. तेव्हा शेजारच्या वंदनानं स्वतःची ओळ उरकून, भाकर न खाता तिची ओळ ओढली होती. लाल दोऱ्यांच्या मधेमधे पिवळे होते. मग नुसते पिवळेच होते, दूरपर्यंत, आणि त्यांच्याखाली फळं धरलेली.

“काढा नाव,” कांता म्हणाली. “पन आधी माह्या ओळीतला पिवळा दोरा सोडून दाखवा.”